वुडी परफ्यूम: लाकूड निवडावं घड्याळ लावून

महागडा वुडी, म्हणजे लाकडाच्या गंधाचा, परफ्यूम घेताना चूक होते ती पहिल्या पाच मिनिटांत. फवारा मारताच नाकाला भिडतात बर्गामोट हे लिंबूवर्गीय फळ, मिरी, वेलदोडा. लाकूड या सगळ्यांच्या खाली दबलेलं असतं आणि नीट वर यायला त्याला तास-दीड तास लागतो. कागदी पट्टीवर आवडला तो एक गंध आणि दिवसभर अंगावर वागवायचा तो भलताच, असा प्रकार यातूनच घडतो.

आधी लाकडं ओळखून घ्या, कारण ‘वुडी’ हा शब्द फार ढिला आहे. त्यात वाळा येतो, जो गवताची मुळं आहे. पाचोलीही येते, आणि ती तर चक्क पानं आहेत.

चंदन मऊ, दुधाळ आणि त्वचेला धरून राहणारं. तेल झाडाच्या गाभ्यात आणि मुळांत असतं. सँटॅलम आल्बम या जातीच्या चांगल्या तेलात 41 ते 55 टक्के अल्फा-सँटॅलॉल असतं. हा रेणू जड असल्यामुळे सावकाश उडतो, म्हणून चंदन तासन्‌तास राहतं पण लांबवर जात नाही. ऑस्ट्रेलियातलं सँटॅलम स्पिकॅटम त्यामानाने कोरडं आणि कमी दुधाळ. कमी बोलणाऱ्या, समोरच्याला जवळ बसवून ऐकणाऱ्या माणसाला चंदन सहज शोभतं.

सीडर म्हणजे नुकतंच टोक काढलेली पेन्सिल. ही उपमा नुसती उपमा नाही: पेन्सिली ज्या व्हर्जिनिया सीडरच्या करत, त्याचंच तेल परफ्यूममध्ये जातं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात मात्र ते झाड ज्युनिपर आहे. अ‍ॅटलास सीडर हा खरा सीडर. तो जरा गोडसर आणि राळेकडे झुकणारा. नेमकं बोलणारी, पसारा न खपणारी माणसं सीडरमध्ये आरामात असतात.

वाळ्यात मातीचा ओलावा आणि हिरवा कडवटपणा दोन्ही असतात. हैतीचा वाळा स्वच्छ, जावाचा धुरकट. गर्लेन या फ्रेंच परफ्यूम कंपनीचं 1959 चं ‘व्हेटिव्हर’ (म्हणजे वाळाच) आजही नमुना म्हणून हुंगून बघण्यासारखं आहे. गोड गंधाचा कंटाळा येणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

आता ऊद, म्हणजे अगरू. अ‍ॅक्विलारिया झाडाला जखम होऊन बुरशी लागली की बचावासाठी ते गडद राळ तयार करतं, आणि वास त्या राळेचा. या झाडांच्या सगळ्या जाती 2005 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. व्यापार परवान्यानेच होतो आणि तेल अतिशय महाग पडतं. त्यामुळे नावात ‘ऊद’ असलेल्या बहुतेक बाटल्यांत दुसरे घटक जुळवून उभा केलेला ऊद असतो. यात फसवणूक मानायचं कारण नाही. अस्सल ऊदाला गोठ्यासारखा, कातड्यासारखा एक दर्प असतो आणि तो अनेकांना सोसत नाही.

शेवटी प्रयोगशाळेतली लाकडं. आयसो ई सुपर हा मखमली, सीडरसारखा रेणू काही नाकांना जवळजवळ कळतच नाही, तर काहींना मध्येच येतो नि मध्येच गायब होतो. 2006 मध्ये आलेलं ‘मॉलिक्यूल 01’ या एकाच रेणूवर उभं आहे. ते वापरताना ‘वास येईना’ म्हणून वरून आणखी फवारे मारू नयेत, शेजारच्याला तो येत असतो. दुसरा गट ‘वुडी अंबर’ रेणूंचा: कोरडे, टोचरे, कपड्यावर कित्येक दिवस टिकणारे. प्रमाण जास्त झालं तर महाग परफ्यूमही स्वस्त वाटायला लागतो. नाकात सुई गेल्यासारखं वाटलं तर बहुधा दोष यांचा.

बाटलीवरच्या ‘पुरुषांसाठी’कडे फार लक्ष देऊ नका. शनेलचं 1926 चं ‘बोआ देझील’ चंदनावर आणि शिसेइदोचं 1992 चं ‘फेमिनिते द्यु बोआ’ सीडरवर बेतलेलं. दोन्ही स्त्रियांसाठीच काढलेली.

स्वभावाशी जुळवायचं तर ‘गूढ’, ‘रुबाबदार’ या जाहिरातीतल्या विशेषणांचा उपयोग शून्य. अंतराचा विचार करा: आपला वास कुणाला, किती लांबून यावा असं वाटतं? मिठी मारणाऱ्यालाच, टेबलापलीकडच्याला, की खोलीत शिरताच सगळ्यांना? बुजऱ्या माणसाने दणदणीत ऊद लावला की दिवसभर त्या वासाची जबाबदारी घेतल्यासारखा तो अवघडून वावरतो. मुद्दाम स्वभावाच्या उलट काही वापरायचं असेल तर खुशाल वापरा, पण निम्म्या मात्रेत.

आता चाचणी. एका फेरीत तीनपेक्षा जास्त गंध घेऊ नका. प्रत्येक पट्टीवर नाव आणि वेळ लिहा. लगेच, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी हुंगा. त्यातून उरलेले दोन, बिनवासाच्या साबणाने धुतलेल्या हातांवर घ्या: कोपराच्या आतल्या बाजूला, एका हाताला एक, प्रत्येकी एकच फवारा. चोळू नका. चोळल्याने रेणू मोडतात हे खोटं, पण घर्षणाच्या उबेने वरचे हलके गंध लवकर उडतात आणि परीक्षा बिघडते. वीस मिनिटं, दोन तास, पाच तास अशा नोंदी करा. बाहीला परफ्यूम लागला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तीही हुंगा. ‘वुडी अंबर’चा अतिरेक तिथे हमखास उघडा पडतो.

एवढं करूनही मोठी बाटली लगेच घेऊ नये. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली द्रव जातो, म्हणजे 2 मिलीच्या नमुन्यात वीसेक फवारे. तेवढ्यात कामाचा एक दिवस, सुट्टीचा एक आणि उकाड्याचा एक असे तीन दिवस सहज निघतात. उकाड्यात गोडसर चंदन गुदमरवतं, थंडीत सीडर पातळ पडतो. हे पट्टीवर कधीच कळत नाही.

बाटलीवरचे प्रकार म्हणजे तीव्रतेच्या पायऱ्या: ओ द तुआलेतमध्ये सुगंधी द्रव्य साधारण 5 ते 15 टक्के, ओ द पार्फममध्ये 15 ते 20, पार्फममध्ये त्याहून जास्त. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक परफ्यूम कंपनी आपलं प्रमाण ठरवते. वुडीमध्ये मात्रा वाढली की आवाज वाढतोच असं नाही. पार्फममध्ये तळाचं लाकूड जड होतं आणि गंध बरेचदा अंगाजवळच थांबतो.

लावताना: त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर, मग 15 सेंटिमीटरवरून छातीवर एक आणि मानेच्या मागे एक फवारा. ऊदाला एकच पुरे. घराबाहेर पडण्याच्या वीस मिनिटं आधी लावा. रेशीम आणि पांढरे कपडे जपा, गडद द्रवाचे डाग पडतात.

‘टिकतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा परफ्यूमची नसून नाकाची असते. सतत येणारा वास नाक बाजूला टाकतं. चार तासांनी दुसऱ्या कुणाला हातभर अंतरावरून विचारा. कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजं होतं यात तथ्य नाही, बाहेर मोकळ्या हवेत दहा मिनिटं जा. गंध आंबट किंवा विचित्र वाटला तर परफ्यूमला दोष देण्याआधी वासाचा डिओडरंट बंद करून पाहा.

बाटली खोक्यात घालून थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा, न्हाणीघरात नको. जुन्या बाटलीत आधी बिघडतात ते लिंबूवर्गीय गंध. लाकूड चिवट असतं. म्हणून जुना परफ्यूम उघडताच खवट वाटला तरी अर्धा तास थांबा, मगच टाकायचा की नाही ते ठरवा.