सर्व्हरला डिस्क दिसेना, तेव्हा

कणकवलीतल्या थिएटरच्या जुन्या सर्व्हरला डीसीपीची (थिएटरात दाखवायच्या डिजिटल सिनेमाच्या फाइलींचा संच) डिस्क दिसेना. लॅपटॉपवर तीच ठणठणीत. केबल बदलली, फुकट. खोट फॉरमॅटमध्ये होती. लिनक्स हल्ली आयनोड (डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची नोंद) २५६ बाइटचा करतं, जुन्या सर्व्हरला १२८ चाच लागतो. एमबीआर (डिस्कच्या विभागांची जुनी नोंदपद्धत), एकच प्रायमरी पार्टिशन, ईएक्सटी३ (लिनक्सचा डिस्क फॉरमॅट), आयनोड १२८ असं पुन्हा फॉरमॅट करून डीसीपी चढवली, हॅश (फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारे आकडे) ताडले. इन्जेस्ट, म्हणजे सिनेमा सर्व्हरवर उतरवून घेणं, सुरू.

केडीएमचंही (कुलूपबंद सिनेमा ठरल्या वेळेत उघडणारी डिजिटल चावी) बघून घ्या. सकाळी ९ ही वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) गेली, तर चावी आपल्याकडे दुपारी २.३० ला उघडते आणि १२ चा शो बोंबलतो. वेळेपुढे +०५:३० हवंच. मीडिया ब्लॉकचं (सर्व्हरमधला सिनेमाचं कुलूप उघडणारा भाग) सर्टिफिकेट थिएटरकडून दरवेळी ताजं मागवा. मीडिया ब्लॉक बदलला की जुनी केडीएम चालत नाही. पावसात डिस्क एसटीच्या पार्सलने पाठवताना दोन पिशव्या, आत सिलिका जेल.