‘बायअ’ आला कुठून? आफ्रिकान्स शब्दाचं मूळ शोधण्याची रीत

आफ्रिकान्स ही दक्षिण आफ्रिकेतली, डचमधून घडलेली भाषा. तिच्यात ‘बायअ’ हा शब्द उठता-बसता लागतो. ‘बायअ मेन्सअ’ म्हणजे पुष्कळ माणसं, ‘बायअ वार्म’ म्हणजे खूप गरम. कोश उघडण्याआधी अशी उदाहरणं जमवून अर्थ वेगळे करा. इथे दोन निघतात: संख्या आणि तीव्रता. मूळ ठरवताना दोन्हींचा हिशेब लागला पाहिजे.

पहिली चाचणी डचची, कारण बहुतेक शब्दसाठा तिथलाच, तोही सतराव्या शतकातल्या बोलींचा. त्यामुळे नुसता आजचा डच कोश पुरत नाही. ध्वनी नियमाने बदललेले असतात: दोन स्वरांमधला ‘ख’ गळतो (पक्षी: ‘फोखल’चा ‘फूअल’), शेवटचा ‘ट’ गळतो (रात्र: ‘नाख्ट’चं ‘नाख’). हे नियम उलटे चालवून पाहा. डचमध्ये पुष्कळला ‘फेल’, तीव्रतेला ‘झेर’, जुळत नाही. ‘बाय’ आहे, पण तो उपसागर. नुसता ध्वनी जुळला तर तो शब्द बाजूला ठेवावा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

मग शेजारच्या भाषा. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, केपला ठाणं वसवलं आणि पुढे इंडोनेशियाची बेटं, भारताचे किनारे, मादागास्कर, मोझांबिक इथून गुलाम आणले. खोइखोइ लोक मूळचे केपचेच. म्हणून मलय, पोर्तुगीज, खोइखोइ या भाषा तपासायच्या. मलयमध्ये ‘बान्याक’ म्हणजे पुष्कळ. त्यातला शेवटचा ‘क’ घशातच अडतो, परक्या कानाला ऐकूच येत नाही. ‘न्य’मधलं अनुनासिक झिजलं की ‘य’ उरतो. जुन्या लिखाणात ‘बान्या’ हे मधलं रूप सापडतं, आणि माझ्या मते सगळ्यांत भक्कम पुरावा तोच.

तीव्रतेसाठी मलयमध्ये ‘सांगात’ हा वेगळा शब्द आहे. म्हणजे ‘खूप गरम’ हा वापर शब्द घेतल्यानंतर वाढला. नोंदीत हे स्वतंत्र लिहा.

मराठी वाचकाने एक सापळा ओळखून ठेवावा. कातड्याच्या जाड आसूडाला आफ्रिकान्समध्ये ‘शाम्बॉक’ म्हणतात, आणि आपल्याला लगेच ‘चाबूक’ आठवतो. नातं खरं आहे, पण शब्द मराठीतून गेलेला नाही. फारसी ‘चाबुक’ आपल्याकडे आला तसाच पूर्वेकडेही गेला, आणि मलयमध्ये ‘चाम्बुक’ झाला. ‘शाम्बॉक’मधला ‘म’ त्या मलय टप्प्याची खूण आहे. म्हणून ‘मूळ फारसी’ एवढ्यावर थांबू नका. फारसी, मलय, केपची डच, आफ्रिकान्स असे टप्पे क्रमाने लिहा.