अनारसे तुपात हसले? पीठ फेकू नका

पहिल्यांदा अनारसे केले तेव्हा पहिलाच अनारसा कढईत सोडला आणि तो असा हसला की नुसता चुरा आणि जाळी, तूप पण खराब. आजीच्या भाषेत हसणं म्हणजे विरघळून पसरणं बरं का, आपल्याला मात्र रडू येतं.

मी गॅस बंद करून सगळं पीठ टाकायला निघाले होते, तसं करू नका. आधी तूप गाळून घ्या कारण त्या चुऱ्यामुळे पुढचे पण काळे पडतात. मग एकच छोटा अनारसा टाकून बघा, परत हसला तर बहुतेक गूळ जास्त झालाय. वाटीने मोजलं की हमखास घोळ होतो, वजनाने पीठ आणि गूळ सारखे किंवा गूळ थोडा कमीच घ्यायचा. तांदळाची तीच ओलसर पिठी थोडी बाजूला ठेवलेली असेल तर चमचा चमचा मळत जा आणि दर वेळी एक तळून बघा (मी ठेवली नव्हती, कोरडी घातली, चाललं).

उलटं, अनारसा दगड झाला, जाळीच नाही, तर गूळ कमी, तिथे पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून घाला.

आणि हो, तांदूळ 3 दिवस भिजवताना रोज पाणी बदलायचं, मी एक दिवस विसरले तर वास आला. तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं.