जर्मनीत आलात? आधी ‘बोनसहेफ्ट’ मागा

दातांचं काम सुट्टीत पुण्याला गेल्यावर करू, म्हणून आपण ढकलत राहतो. मग तीन आठवड्यांत रूट कॅनॉल आणि कॅप उरकायची घाई अंगाशी येते.

टीके, एओकेसारखा पब्लिक इन्शुरन्स असेल तर पहिल्याच वर्षी डेंटिस्टकडे जा आणि ‘बोनसहेफ्ट’ मागून घ्या. छोटीशी वही असते. वर्षातून एकदा तपासणी केली की शिक्का. पुढे कॅप किंवा ब्रिज बसवायची वेळ आली की इन्शुरन्स ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाचे 60 टक्के देतो. सलग 5 वर्षांचे शिक्के असले तर 70, 10 वर्षांचे असले तर 75. तपासणी फुकट, वर्षातून एकदा टार्टर काढणंही. (‘प्रोफेशनल क्लीनिंग’ सुचवतील, ते वेगळं. त्याचे पैसे आधी विचारा.)

काम मोठं असेल तर ‘हाइल उंड कोस्टनप्लान’ म्हणजे खर्चाचा लेखी आराखडा घ्या, इन्शुरन्सची मंजुरी येईपर्यंत थांबा आणि त्याची प्रत दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. इम्प्लांट सुचवलं असेल तर हमखास दाखवा, कारण इन्शुरन्स साध्या उपचारासाठी देतो तेवढीच रक्कम देतो, वरचं सगळं आपल्या खिशातून.