हृदयाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट: वय आणि लिंग पाहून आकडा कसा वाचावा

छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल किंवा दम लागला असेल, तर रिपोर्टची वाट पाहत घरी थांबू नका. आधी रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढून घ्या. दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर ट्रोपोनिनचा (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचा) पहिला नमुना नॉर्मल येऊ शकतो.

ट्रोपोनिनच्या रिपोर्टवर आधी एकक पाहा. ०.०२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच २० नॅनोग्रॅम प्रति लिटर. इथे गल्लत फार होते. मग तपासणी ट्रोपोनिनच्या ‘आय’ प्रकाराची आहे की ‘टी’ प्रकाराची आणि कोणत्या मशीनवर झाली ते पाहा, कारण एकाची मर्यादा दुसऱ्याला लावता येत नाही. अ‍ॅबटच्या आर्किटेक्ट मशीनवर हाय-सेन्सिटिव्हिटी (अगदी थोडं प्रमाणही मोजणाऱ्या) ट्रोपोनिन आयची मर्यादा स्त्रियांसाठी १६, पुरुषांसाठी ३४ आणि दोघांची मिळून २६ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. समजा आकडा २० आला. पुरुषाला तो मर्यादेत, स्त्रीला वाढलेला. पण लॅबनं फक्त २६ छापलं असेल, तर तिच्याही रिपोर्टवर ‘नॉर्मल’च येईल. म्हणून स्त्रीच्या रिपोर्टवर एकच मर्यादा दिसली, तर स्त्रियांसाठीची वेगळी मर्यादा डॉक्टरांना जरूर विचारा.

वय वाढलं, मूत्रपिंडाचं काम मंदावलं की ट्रोपोनिन मुळातच थोडं वर राहतं. अशा वेळी एका आकड्यावरून झटका आला असं ठरत नाही. १ ते ३ तासांनी त्याच पद्धतीनं दुसरा नमुना तपासतात. तो चढतो किंवा उतरतो का, यावर निदान अवलंबून असतं.

अचानक दम लागलेल्या रुग्णाच्या एनटी-प्रोबीएनपीमध्ये (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणाऱ्या घटकाच्या तपासणीत) वयाला फार महत्त्व आहे. ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली हार्ट फेल्युअरची (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडण्याची) शक्यता कमी. निदानाकडे झुकणारी मर्यादा पन्नाशीच्या आत ४५०, ५० ते ७५ वयात ९०० आणि त्यापुढे १८००. म्हणजे ७०० हा आकडा चाळिशीत गंभीर, ऐंशीत मात्र अधांतरी. तरुण स्त्रियांत एनटी-प्रोबीएनपीचा आकडा पुरुषांपेक्षा मुळातच जास्त असतो, तरी या मर्यादा वयावरच ठरतात. वजन खूप असेल तर आकडा फसवा कमी येतो. मूत्रपिंडाचा आजार किंवा एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असेल तर वाढतो.

एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली गेलं की कमी समजतात. पाळी थांबल्यावर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढतं, त्यामुळे चाळिशीतला चांगला रिपोर्ट साठीत कामाचा नाही. एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्यांनी वाढतं. १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं तर आधी कुठे जंतुसंसर्ग आहे का ते शोधा आणि बरं वाटल्यावर, निदान २ आठवड्यांनी, पुन्हा तपासा.

केसांसाठी जास्त मात्रेचं बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधीच सांगा. काही पद्धतींत त्यामुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं.