ट्रेकला छत्री कशी वापरायची (हो, छत्रीच)

ट्रेकिंगच्या ग्रुपवर छत्रीचं नाव काढलं की लोक हसतात, काकू बाजाराला निघाल्यात का वगैरे. पण तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी बघा, निम्मी माणसं छत्र्या घेऊनच चालत असतात. आणि इगतपुरी-त्र्यंबककडे भात लावणारी मंडळी वर्षानुवर्षं डोक्यावर इरलं (डोकं-पाठ झाकणारं पावसाळी आवरण) घेऊन अख्खा दिवस पावसात वाकलेली असतात, त्यांना काय कळत नाही असं थोडीच आहे. रेनकोट घालून चढ चढलं की आतून घामाने भिजतो आणि बाहेरून पावसाने, म्हणजे भिजायचं ते भिजतोच. छत्रीत हवा खेळती राहते, चष्म्यावर पाणी येत नाही, मोबाईल काढून फोटोपण घेता येतो.

छत्री कोणती घ्यायची? ती तीन घड्यांची, बटण दाबलं की फाटकन उघडणारी ऑफिसला ठीक आहे, डोंगरावर नको, तिचे सांधेच आधी जातात. सरळ लांब दांड्याची घ्या, काड्या फायबरच्या असल्या तर उत्तम कारण वाऱ्यात वाकतात आणि परत सरळ होतात, लोखंडाची काडी एकदा मुडपली की मुडपली, वर गंज चढतो तो वेगळाच. मूठ आकड्यासारखी वळलेली पाहिजे, का ते पुढे सांगतो. उन्हाळ्यासाठी वरून चंदेरी कोटिंगवाली बघा. नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याला किंवा चामर लेणीच्या डोंगरावर एप्रिल-मेमध्ये गेलात तर झाड नावालाच आहे, तिथे टोपीपेक्षा छत्रीची सावली लय भारी पडते कारण डोक्याला वारा लागत राहतो. पाणी मात्र तेवढंच न्या, छत्री आहे म्हणून बाटली कमी करू नका.

आता मेन गोष्ट, हात मोकळे ठेवणं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर दोन ठिकाणी नाडी नाहीतर वेल्क्रोची पट्टी बांधा, एक छातीच्या उंचीला आणि दुसरी त्याच्या वीतभर खाली. दांडा त्या दोन्हीतून खाली सोडायचा आणि वळलेली मूठ कमरेच्या बेल्टमध्ये अडकवायची, मग छातीचा पट्टा ओढून घट्ट करायचा. छत्री डोक्याच्या चार बोटं वर राहिली पाहिजे, त्याच्या खाली आली तर मान वाकवून चालावं लागतं आणि पुढची पायरी दिसत नाही. पाऊस ज्या बाजूने येतोय त्या खांद्याला बांधा. घरी गॅलरीत एकदा बांधून जिना चढून-उतरून बघा, डोंगरावर ओल्या हाताने नाडी सुटत नाही. आणि छत्री पुढे झुकली की सॅक मागून भिजणारच, त्यामुळे आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालून सगळं सामान त्यात ठेवा. गुडघ्याखाली पण भिजणार, त्याला इलाज नाही.

वारा आला की दांडा पट्ट्यातून काढून हातात घ्यायचा, मूठ सोडून वर काड्यांच्या जवळ धरायचा आणि छत्रीचं डोकं वाऱ्याच्या दिशेने करायचं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो त्यामुळे अंदाज बांधता येतो. पण कड्याच्या टोकाला हे गणित चालत नाही, तिथे वारा दरीतून वर चढतो आणि छत्री खालून उचलतो, एका झटक्यात उलटी होते, कधीकधी माणसालाही ओढते. म्हणून कड्याच्या जवळ जायच्या आधी छत्री मिटायची, टोकाला पोचल्यावर नाही. त्र्यंबकजवळच्या अंजनेरी किल्ल्याला पायऱ्यांच्या खिंडीत शिरल्यावर आणि वर पठारावर मोकळ्यात आल्यावर, दोन्हीकडे वाऱ्याचा जोर एकदम बदलतो, तिथे हात तयार ठेवा.

हरिहर किल्ल्याच्या कातळातल्या पायऱ्यांवर छत्रीचं नावसुद्धा काढू नका. तिथे दोन्ही हात बाजूच्या खोबण्यांत घालून चढायचं असतं आणि रविवारी तर वरून उतरणारे, खालून चढणारे सगळे एकावर एक. छत्री मिटून सॅकला आडवी नाही, उभी बांधा, टोक खाली, नाहीतर मागच्याच्या डोळ्यात जाईल. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांनाही हेच. कारवीच्या दाटीत आणि करवंदाच्या जाळ्यांत पण मिटूनच ठेवा, काटा कापड सरळ फाडतो.

विजा कडाडायला लागल्या की छत्री बंद, आणि कड्यावरून-पठारावरून लगेच खाली, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात दुपारनंतर हे जास्त होतं, त्यामुळे त्या दिवसांत सकाळी लवकर चढून उतरलेलं बरं.

अजून एक, छत्रीचा काठी म्हणून वापर करू नका. उतारावर हात आपोआप तिच्यावर जातो, पण चिखलात टोक रुतलं आणि अंगाचा भार आला की दांडा वाकतो, मग ती नीट मिटतही नाही. काठी हवी असेल तर काठी न्या.

घरी आल्यावर ओली छत्री गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकायची नाही. उघडून पंख्याखाली ठेवा, सांध्यांना खोबरेल तेलाचा थेंब लावा. कापडाचा टाका काडीच्या टोकावरून निसटला असेल तर सुईदोऱ्याने घरीच होतं, काडी मोडली असेल तर पावसाळा तोंडावर आला की फुटपाथवर दुरुस्तीवाले बसतात त्यांच्याकडून बदलून घ्या, नवीन घ्यायच्या आधी.