जंताची गोळी: शाळेत देताना

राष्ट्रीय जंतनाशक दिन 10 फेब्रुवारीला असतो. शाळकरी मुलाला अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळी समोर बसवून चावून खायला लावा, वर पाणी द्या. अख्खी गिळली तर घशात अडकू शकते. गोळी घरी न्यायला मात्र देऊ नका; ती दप्तरातच राहते. ताप आलेल्या मुलाला बरा झाल्यावर द्या. पोटात जंत जास्त असतील तर थोडी मळमळ, पोटदुखी होते. सावलीत पडू द्या, पाणी पाजा.

पण गोळी पुन्हा होणारी लागण थांबवत नाही. उघड्यावरच्या शौचातून अंडी मातीत मिसळतात, नखांत अडकतात. आकडी जंताच्या (हुकवर्म) अळ्या तर अनवाणी पायांच्या कातडीतूनच शिरतात आणि पुढे रक्त शोषतात. म्हणून चपला, साबण आणि कापलेली नखं हवीतच.